टोकाकडून दुसरी कडी

— हां हां, तिला नको. बाकी कुठल्याही काठीला हात लावा, वाकवा, हवेत फिरवा, माझ्या पाठीत घाला, पण भिंतीवरची ती हिरवी तेवढी नको. ओली आहे. कालच राळ लावलीय. राळ म्हणजे दोऱ्यावर ते काचेसारखं चमकतं ना, ते. बसा. त्या खुर्चीवर नको, इथे स्टुलावर बसा, त्या खुर्चीचा — तिचा एक पाय हलतो. तर बायकोसाठी गळाची काठी हवीय म्हणालात, बास मासा पकडायला, आणि तिला अजिबात कळू द्यायचं नाहीये. छान. मग तिच्या हाताचं माप आणलंत? कोपरापासून मनगटापर्यंतचं? नाही आणलं. 'साधारण माझ्या खांद्याला लागते' — साहेब, हे लग्नाच्या फोटोतलं माप झालं, काठीचं नव्हे. रिळाच्या मागचा दांडा बरोबर कोपराशी संपायला हवा. दोन बोटं जास्त झाला तर दर फेकीला पोटात ढुसणी देतो, दोन बोटं कमी झाला तर संध्याकाळपर्यंत मनगट सुजतं. मग ती तुम्हाला काही बोलणार नाही, बायका बोलत नाहीत, नुसती काठी माळ्यावर जाते.

बरं, मापाचं नंतर बघू, आधी सामान निवडा. ही नुसती काठी, पोकळ, अजून काही न चढवलेली. सहा फूट आठ इंच. टोक मऊ, कंबर कडक. बास काय करतो, तो भुकेला असला तरी नखरे करतो, आमिषाला नुसता ओठ लावून बघतो — टक् — एवढंच. ते टक् हातात पोचलं पाहिजे. आणि लागला की लगेच बुडातल्या गवतात पळतो, तिथून ओढून काढायला मग कंबर कडक लागते. आता गंमत बघा, टोक असं हलकेच दाबून धरायचं आणि काठी तळहातावर गोल फिरवायची — फिरते, फिरते — हं, उडी मारली. कळलं? हा तिचा कणा. प्रत्येक काठीला एक बाजू अशी असते जिला वाकायचं नसतं. तो कणा शोधून मगच गळाची दोरी ओवायच्या कड्या बांधायच्या, नाहीतर मोठा मासा लागला की काठी हातातल्या हातात तोंड फिरवते. आमच्याकडे याला रुसणं म्हणायचे. मी नाही — म्हणजे आम्ही दोघंही म्हणायचो.

मूठ बुचाची घ्या. फोमची स्वस्त पडते, पण तिला हात लावला की केरसुणी धरल्यासारखं वाटतं. बूच हाताच्या उबेने तापतं, माणसाचा हात ओळखतं. कड्या नऊ लागतील, टोकाकडे लहान होत जाणाऱ्या, प्रत्येकीच्या पायाला चाळीस वेढे दोरा, वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केस शिरता कामा नये. रंग कुठला आवडतो तिला? तेही माहीत नाही? असू दे, तुमचं लग्न कोवळं दिसतंय. आणि शेवटी राळ. तिच्याबद्दल इथला नियम आहे, आत्ताच सांगून ठेवतो: राळेचं माप गिऱ्हाइकाने स्वतः घ्यायचं. दोन बाटल्या, दोन पिचकाऱ्या, दोन्हीत अगदी सारख्या रेघेपर्यंत भरायचं. मी समोर उभा राहीन, ढवळीन, लावीन, वाळेपर्यंत मोटरवर फिरत ठेवीन, पण मोजणार तुम्ही. का म्हणजे काय — उद्या काही बिघडलं तर तुम्ही स्वतःशी भांडा, माझ्याशी नको.

हसताय. हसा. लोक म्हणतात मी थापाड्या आहे. आहेच. मागच्या हंगामात धरणाच्या भिंतीखाली मला बास लागला, साहेब, एवढा — नाही, हात पुरत नाहीत, त्या दारापासून या टेबलापर्यंत — त्याने मला होडीसकट तलावाभोवती तीन चकरा मारून आणल्या, दुसऱ्या चकरेला ओळखीचे लोक भेटले, त्यांच्याशी चार शब्द बोलणं झालं. खोटं? अर्थात खोटं. पूर्वी मी हे सांगायला लागलो की माझ्या मागे, बरोबर तिथे, आमची ही उभी राहायची, हातात दोऱ्याचं रीळ, आणि गिऱ्हाइकाला दोन बोटांनी खरं माप दाखवायची. एवढूसा. मी तिच्याकडे पाठ करून उभा असलो तरी कळायचं, कारण गिऱ्हाइकाचा चेहरा हसायचा. मी हातभर म्हणालो की ती वीतभर करायची. तेव्हा माझे मासे आटोक्यात होते. आता वाढत चाललेत. तीन वर्षांत होडीएवढे झाले.

काय म्हणालात? धूळ? कुठे धूळ?

हो, म्हणजे — कालची नाही ती राळ. बरोबर आहे, कालच्या राळेवर एवढी धूळ बसत नाही. तुमची नजर चांगली आहे, मासे मिळतील तुम्हाला. ती एका गिऱ्हाइकाची काठी आहे, घ्यायला आलं नाही. विकायची नाही. नाही, तयार असली तरी नाही, तुमच्या बायकोचा वाढदिवस चार दिवसांवर असला तरी नाही. आणि टोकाकडून दुसरी कडी वाकडी बांधलीय, तेही दिसलं मला, तुम्ही दाखवायची गरज नाही. दोऱ्यात फटी आहेत, नारिंगी धागा भरकटलाय — दिसतंय. नवशिक्याने बांधली असेल?

नवशिक्याने. साहेब, बावीस वर्षं या दुकानातली प्रत्येक कडी तिने बांधलीय. मी काठ्या निवडायचो, कणा काढायचो, गप्पा मारायचो, आणि ती बांधायची. पहिल्यांदा आली होती ती भांडायला. माझ्याकडून नेलेल्या काठीचा दांडा पोटात टोचतो म्हणून. मी म्हटलं, ताई, हात ठेवा या टेबलावर. ही खाच दिसते? कडेला? हे तिचं कोपर, आणि ही दुसरी, हे मनगट. ताई म्हटलं होतं मी तिला, लग्नानंतर जन्मभर त्यावरून चिडवलं तिने मला. आणि बावीस वर्षांत तिच्या मापाची अशी काठी काही झाली नाही. परत आलेली, ओरखडा पडलेली, गिऱ्हाइकाने नाकारलेली, त्याच काठ्या घेऊन ती तलावावर यायची, आणि माझ्यापेक्षा जास्त मासे पकडायची. मग आजारी पडली. डॉक्टर मला बाहेर बोलावून म्हणाले, आता तिला हवं ते द्या. मी विचारलं तिला, काय हवंय. तर म्हणाली, काठी. माझ्या मापाची. एका रविवारी त्या काठीने एकदा गळ टाकायचाय, मासा नाही मिळाला तरी चालेल.

एक अख्खी दुपार त्या खुर्चीवर बसून तिने सामान निवडलं. बुचाचा एकेक तुकडा नाकाला लावून. गडद हिरवा दोरा, त्यात एकच नारिंगी धागा. मी परत माप घेतलं, हात पार वाळला होता, पण खाचेला खाच बरोबर लागली. लांबी कमी होत नाही ना. मी चार दिवसांत काठी करतो, साहेब. तिची करायला पाच महिने लावले. टोकाच्या दोन कड्या रात्री बांधायचो, आणि सकाळी उसवायचो. रंग जुळत नाही म्हणायचो, कडी केसभर सरकलीय म्हणायचो, कणा चुकलाय म्हणायचो. थापा मारायला मला कोणी शिकवायला नको. माझं डोकं असं चाललं होतं की माणूस कशाची तरी वाट बघत असला की तो जात नाही. वाट बघायला लावू. बस. एवढा एकच उपाय होता माझ्याकडे.

एकदा औषधं आणायला गेलो. परत आलो तर ती टेबलाशी. दुसरी कडी बांधून झाली होती, ती, तुम्ही बघताय ती. दोन तास लागले असतील. पायाशी कचऱ्याचा डबा ओढून घेतलेला, आणि त्यातले हिरवे-नारिंगी तुकडे तिने मांडीवर घेऊन सरळ करून ठेवले होते, पाच महिन्यांचे. ओरडली नाही. म्हणाली, "उरलेली एक तुम्ही बांधा. आणि या वेळी उसवू नका."

बांधली. तिच्यासमोर बांधली. मग राळ लावायची होती, ती मी मोजली. तीस वर्षं मोजतोय, डोळे मिटून मोजीन. दोन्ही बाटल्या सारख्या, थेंब इकडचा तिकडे झाला की राळ वाळत नाही, कधीच वाळत नाही, चिकट ती चिकटच. शनिवारभर काठी मोटरवर फिरवली. रविवारी सकाळी तिने टोपी घातली, जेवणाचा डबा भरून घेतला, आणि काठी हातात घेऊन त्या कडीवर बोट टेकवलं. बोटाचा ठसा उमटला. तिने बोटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाली, ओली आहे अजून, पुढच्या रविवारी जाऊ. आणि टोपी काढून ठेवली.

तो रविवार तिला मिळाला नाही.

माझा हात चुकला की मी चुकवला, हे विचारू नका, साहेब. मलाच माहीत नाही. बाकी सगळ्या थापांत खरं किती ते मला माहीत असतं, हिच्यातलं तेवढं नाही माहीत. खरवडून नवी राळ लावता येते, अर्ध्या तासाचं काम आहे. पण त्यात तो ठसा जाईल. म्हणून ती तशीच आहे, ओली.

तुमची काठी मी करतो. चार दिवसांत, एक दिवस वर नाही. पण मापाशिवाय नाही. लपवाछपवी सोडा, घरी जा, तिला सांगा, आजच घेऊन या. तिचा हात ती इथे ठेवेल, रंग ती निवडेल, बूच ती हुंगेल. राळ तुम्ही मोजाल. आणि या रविवारी तलावावर जा, मासा मिळो न मिळो. उठा. मी बोलत बसलो की बोलतच बसतो, आता थांबवणारं कोणी नाही. नाही, पाणी नको मला, तुम्ही जा.

आणि जाताना दार ओढून घ्या. धूळ येते.