अर्धं धावणं

मनीषनगरच्या दवाखान्यात मेघा आपला दुखरा गुडघा चोळत नंबराची वाट पाहत होती. तेवढ्यात डॉक्टरांच्या खोलीतून दोघी मायलेकी बाहेर आल्या आणि औषधाच्या चिठ्ठीसाठी तिच्या शेजारीच टेकल्या. लेकीच्या पायात धावायचे बूट होते.

"ऋतुजा, डॉक्टर धावणं बंद कर म्हणले ना वं?"

"बंद नाही आई, अर्धं कर म्हणले. आणि मांडीचा, कमरेचा व्यायाम."

"दुखते गुडघा अन् व्यायाम कमरेचा?"

"कमरेत ताकद नसली की सारा भार गुडघ्यावर येते म्हणे."

"पण एक्स-रेत तर काहीच नाही निघालं. मग दुखून काहून राहिलं?"

"हाड चांगलंच आहे. एकदम जास्त धावली, म्हणून गुडघ्याच्या वाटीमागं ताण आला."

"मले काही समजून नाही राहिलं. पोलीस भरती तर पुढं गेली. मग दोन्ही टाइम काहून धावून राहिली?"

ऋतुजा बुटाची लेस सोडून पुन्हा बांधू लागली.

"सांग ना वं."

"संध्याकाळी घरी असली की तू मले पाहाले पाहुणे बोलावते."

मेघाला कुठे बघावं कळेना. ती भिंतीवरची हाडांची चित्रं पाहत बसली. आईने एक्स-रे पिशवीत घातला.

"अर्धं म्हणजे एकच टाइम ना?"

"हो."

"मग सकाळचं बंद कर," आई उठत म्हणाली. "संध्याकाळचं राहू दे."