फोन दिला, कार्ड ठेवलं

नाही हो लोटूभाऊ, 'चालत नाही' असं एकदम म्हणू नका — पुसून परत लावून बघा ना. डोक्याच्या पिनेनं काढलंय मी ते मेमरी कार्ड, अलगद, आणि कुंकवाच्या डबीत ठेवलं होतं, म्हणजे लागलं असेल थोडं कुंकू. काय विचारतो तुमचा फोन? कोरं करू का? नको, काही दाबू नका. माझ्या जुन्या फोननंही असंच विचारलं होतं — जागा संपली, हे कार्ड फोनमध्येच जोडून घेऊ का. मी म्हटलं घे बाबा, एका घरात दोन चुली कशाला. दाबलं 'हो'. मला काय माहीत, एकदा त्या फोनचं झालं की ते दुसऱ्या फोनला ओळखही दाखवत नाही. सासरी गेलेली मुलगी तरी आईला ओळखते.

तो फोन? त्याची परात झाली. देडतलाईकडचा भांडेवाला येतो ना, जुन्या मोबाइलवर भांडी देणारा. आधी चहाची गाळणी दाखवत होता, अर्धा तास घासाघीस करून मी परात काढली त्याच्याकडून. वर ऐकवलंही — कार्ड काढून घेतलंय हं, दहावी पास आहे मी. हसा, हसा. बहादरपुरात आमच्या सगळ्या गल्लीच्या कागदांचे फोटो माझ्या फोनात, कुणाचं आधार, कुणाची सरकारी समग्र आयडी. 'मालूबाई मॅडम' म्हणतात — आता मॅडम म्हटलं की माणूस फुगतोच जरा.

बाकीच्यांचं काही नाही, त्यांचे कागद घरी आहेत. एकच अडलंय. शेजारच्या गोदाबाईच्या वाटणीचा कागद — साधं वहीचं पान, भावाभावांनी लिहिलेलं, पाच पंचांच्या सह्या. विहिरीजवळचा केळीचा तुकडा तिच्या नवऱ्याचा, उखर्डूभाऊंचा, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. आता ते गेले, पंचांतलेही तिघं गेले, आणि दीर चुडामण म्हणतो तुकडा माझा. उद्या बैठक आहे. अस्सल कागद? तो — तापीत. वर्षश्राद्धाला उखर्डूभाऊंचे कपडे, चष्मा, कागदांची पिशवी, सगळं राजघाटावर सोडलं. नाही, ती नव्हती सोडत. पिशवी छातीशी धरून बसली होती. मीच म्हटलं — हो, मीच — मोबाइलात आहे ना आता, कागदात जीव कशाला अडकवतेस, मोकळं कर त्यांना. आणि तिच्या हातातून घेऊन मीच सोडली. घाटावरच्या बायका बघत होत्या, ही बाई किती शिकलेली म्हणून. बरं वाटलं होतं मला, खोटं कशाला बोलू.

हळू बोला जरा, ती बाहेर दुकानाच्या पायरीवरच बसलीय. दोन मिनिटांचं काम म्हणाले तिला, प्रिंट घेऊन येते. मी काय म्हणते, भांडेवाला गाठला, फोन परत आणला, तर? — पुसून टाकला असेल तर त्यातूनही नाही? अच्छा. दहा दिवस झाले. पुसलाच असेल.

तुम्ही तिला सांगाल का, की कार्डच खराब निघालं? कंपनीची चूक म्हणून? — नाही, राहू द्या. मी विचारलंच नाही असं समजा.

गोदाबाई, आत ये गं. बस या स्टुलावर. — तुम्ही काही बोलू नका, लोटूभाऊ, मीच सांगते. तुम्ही तुमचं गिऱ्हाईक बघा.