आत येणारं आपल्या हातात नसतं

—नाही हो, पासवर्ड कुणी चोरला नव्हता, मीच केलं, माझ्याच नावाने लॉगिन करून केलं, लिहा तसं. पण हेड ऑफिसातून चौकशीला आलायत तर एक समजून घ्या साहेब — इथून बाहेर काय कुठल्या इंटरनेट लाइनने जाणार ते मी ठरवते, पण आत येणारं? ते पाठवणारा ठरवतो. आपण नुसतं म्हणायचं, बाबा रे, इकडून ये. ऐकलं तर ऐकलं. आपल्या लाइन दोन, दोन कंपन्यांच्या — त्या सकाळी जुनी गच्च भरलेली, नवी निम्मी रिकामी, आणि सगळे घुसतायत जुनीतूनच! मॅनेजरना म्हटलं, वळवते. तर म्हणे, 'माझी मीटिंग संपेपर्यंत कशाला हात लावायचा नाही.' आणि तिकडे आपल्या ग्राहक हॉस्पिटलात ऑपरेशन चालू, मोठे सर्जन दुसऱ्या शहरातून व्हिडिओवर सांगतायत — हॉस्पिटलचा फोन आला, आवाज तुटतोय म्हणून, मग काय मीटिंगची वाट बघू? जुन्या लाइनच्या वाटेवर आपल्या नेटवर्कचा नंबर तीनदा लिहिला, म्हणजे पाठवणाऱ्यांना ती वाट लांबची दिसते. बाकीचे वळले, सर्जनचं नेटवर्क ढिम्म! मग हॉस्पिटलच्या इंटरनेटवरच्या पत्त्यांचा तुकडाच वेगळा काढून फक्त नवीवरून जाहीर केला — नेमका पत्ता दिसला की सगळे तिकडेच जातात. दोन मिनिटांत वळलं. त्याच तुकड्यात आपलं ऑफिस, म्हणून मॅनेजरांचा मीटिंगचा कॉल तुटला. वाईट वाटलं? छे, अजिबात नाही.

काय? फोनची नोंद नाही? रिसेप्शनवरची विसरली असेल, ती नेहमी — नाही. नाही आला फोन. दहापासून मीच लाइन किती भरलीय त्या ग्राफकडे बघत बसले होते, कारण ऑपरेशन दहाला होतं. मला कसं ठाऊक? दाजींनी कळवलं. टेबलावर माझी ताई होती. सहा वर्षं बोलणं नाही आमचं — का, ते तुमच्या फॉर्मात मावणार नाही. तिने दारातूनच परत पाठवलं असतं मला. इथे बसून निदान तो आवाज तरी त्या खोलीत — वाचली. परवा घरी गेली. नाही, तिला माहीत नाही, आणि तुम्हीही सांगणार नाही.

दुसरं कुणी टेबलावर असतं तर? खरं सांगू? माहीत नाही. तेच लिहा, 'माहीत नाही'. आणि उद्या पुन्हा असं झालं तर कुणाला विचारायला जाणार नाही, हेही लिहा. सही कुठे, इथे? झाली. उठा आता, मला काम आहे.