देणगीदाराची एक जागा

‘मोठेबाबांनी एकदा ठरवलं की काहून म्हणून विचारायचं नाही’ — आमच्या घरचा नियम आहे हा मॅडम, मी बोलायला लागले तेव्हापासूनचा, आणि आज सकाळी गुपचूप गाडीत बसून मी तो पाळलासुद्धा, पण आता तुम्ही सरळच विचारलं ना, की ह्या बाई तुमचा हात का सोडत नव्हत्या, तुम्ही त्यांच्या कोण — तर मला सांगायला उत्तर दिलेलं आहे, पाठ आहे माझं. ‘आमच्या शेतावर कामाला होत्या, नवरा वारला, मूलबाळ नाही, मी लहानपणापासून ओळखते म्हणून सोबत आले.’ एवढं म्हणून मी उठायचं आणि बाहेर व्हरांड्यात ते दोघं बसून राहिलेत त्यांच्यासोबत घरी जायचं. मोठेबाबांना तुम्ही ओळखता, रुपराव लांजेवार, कळमन्याला मिरचीची अडत आहे त्यांची. त्यांच्या बाजूला खाली मान घालून बसलेत ते धर्मेंद्र, त्यांचे धाकटे भाऊ, माझे पप्पा.

आणि आत जेवायला बसली ती माझी आजी आहे. मानलेली नाही, गावाकडची नाही — सख्खी. ह्या दोघांची आई.

नाही, थांबा, तिला आत्ताच उठवू नका. सकाळपासून चहावर आहे ती. जेवू द्या. मी काही पळून नाही जात, सगळं सांगते. तुम्ही लिहून घेतलं ना, रुखमा भोयर — भोयर तिचं माहेरचं. सासरचं तुमच्या भोजनकक्षाच्या दारावरच लिहिलेलं आहे, स्वर्गीय गणपतराव लांजेवार, ते माझे आजोबा. त्यांच्या नावाने तो कक्ष बांधून दिला तेव्हा तुमच्या ट्रस्टने सांगितलं होतं की देणगीदाराला एका निराधार माणसाची शिफारस करता येईल, त्या माणसाचं राहणं, जेवण, औषधपाणी शेवटपर्यंत ट्रस्ट बघेल. चांगला नियम आहे, माझं त्याला काही म्हणणं नाही. पण मोठेबाबा व्यापारी माणूस. एक दिवस जेवताजेवता म्हणतात, ‘तीन वर्सापासून आपली एक जागा रिकामी पडून हाय तिथं. पैसे त आपन भरून बसलो. वाया काहून घालवाची?’ मला वाटलं, शेतावरच्या कोणाची तरी सोय करून राहिलेत. मी म्हटलं, वा, छान. आणि मग कळलं की शिफारस स्वतःच्या आईची होऊन राहिली.

तुम्ही म्हणाल, पैसे भरून राहायच्या खोल्या आहेत ना आमच्याकडे, खिडकीवाल्या, तिथे का नाही ठेवत. मीही तेच म्हटलं. तर म्हणे, ‘पैसे भरून ठेवली त आईले टाकली म्हनतीन लोकं.’ म्हणजे बघा — नाव लावून, पैसे भरून ठेवली तर टाकली, आणि नाव पुसून फुकट ठेवली तर काहीच केलं नाही. गावात सांगायचं आजी नागपुरात आहे, नागपुरात सांगायचं आजी गावी आहे. मोठेबाबांच्या मिनलचं लग्न जमून राहिलं, मुलाकडचे घरी येऊन विचारायच्या आत आजी गावी असते असं पक्कं व्हावं, म्हणून हे सगळं आत्ताच उरकायचं. आणि पैशाचं म्हणाल तर काटोलकडे संत्र्याची बाग आहे, तिच्या नावावर, सातबाऱ्यावर तिचं नाव आहे. दर वर्षी बागेतली संत्री मोठेबाबा विकतात. तिच्या संत्र्यांवर तिची खोली आरामात निघते, कोणाच्या खिशात हात घालायची गरज नाही. निराधार म्हणे. ती जागा जिला खरंच पाहिजे अशी कोणी बाई आत्ता कुठे बसली असेल, कोणाच्या ओट्यावर, कोणाला माहीत.

तुम्हाला हसू येईल, घरी तालीम झाली मॅडम. डायनिंग टेबलवर. मोठीआई, मोठेबाबांच्या मिसेस, त्या झाल्या ‘मॅडम’, म्हणजे तुम्ही, चष्मा नाकावर वगैरे घेऊन. ‘काय आजीबाई, लेकरं किती तुमाले?’ आजी म्हणे, ‘दोन पोरं.’ ‘दोन नाही आई, एकही नाही म्हना.’ ‘बरं. एकही नाही.’ थोड्या वेळाने पुन्हा — ‘लेकरं किती?’ — तर म्हणे, ‘एकही नाही, दोघंही दुकानात गेले.’ सगळे हसले. खोटं काय सांगू, मीही हसले. मग आमच्याकडे पोळ्या करते त्या सुभद्राची साडी नेसवली तिला, म्हणून तशी आखूड होऊन राहिली ती. गळ्यातली पोत मोठीआईंनी काढून घेतली, निराधार बाईच्या गळ्यात सोनं कसं दिसेल. आणि आज तुमच्यासमोर किती स्वच्छ सांगितलं बघितलं ना तुम्ही, एका दमात, कोणी नाही, मूलबाळ नाही. जेवायला नेत होते तेव्हा माझ्या कानाशी येऊन विचारते, ‘बरोबर सांगतलं ना वं?’

मी काय म्हणणार? हो म्हटलं.

तुम्हाला वाटत असेल ही पोरगी आश्रमाच्या विरुद्ध आहे. अजिबात नाही. आश्रमाचा विषय घरात पहिल्यांदा मीच काढला, तुमच्याकडे पहिला फोनसुद्धा मीच केला होता, तेव्हा दुसऱ्या कोणी मॅडम होत्या. आजी दोनदा गॅस चालू ठेवून झोपली. एकदा लकडगंजच्या चौकात जाऊन बसली, आजोबांची वाट बघत. मोठीआईंना गुडघ्यामुळे जिना चढवत नाही, मम्मी शाळेत शिकवते, घरात दिवसभर कोण आहे? मी. आणि मला ऑगस्टमध्ये हैदराबादला रुजू व्हायचं आहे आणि मी जाणार आहे. तेव्हा मी नाव काढलं तर सगळे अंगावर आले — लांजेवारांच्या घरातली म्हातारी आश्रमात जाईन का, कॉलेज शिकून हेच शिकली का — आणि महिन्याभराने तेच, फक्त लपूनछपून. उलट मलाच ऐकवतात, एवढा पुळका हाय त तूच सांभाळ, नोकरी काहून करून राहिली. मी का? तिला दोन मुलं आहेत, दोन सुना आहेत, मीच का? मला नाही सांभाळता येत. मी चांगली नाही तिच्याशी, मॅडम. ती तेच तेच विचारते, कुठं चालली, कुठं चालली, आणि मी ओरडते. परवा तिला खोलीत बसवून बाहेरून कडी लावली होती मी, अर्धा तास, हैदराबादच्या ऑफिसचा कॉल होता — तिने कडी वाजवली नाही की हाक मारली नाही, उघडलं तेव्हा म्हणे, झालं का वं तुहं काम — जाऊ द्या. ते सांगायला नाही बसले मी. मुद्दा असा की मला कळतं हिला इथेच नीट ठेवलं जाईल, आमच्यापेक्षा नीट. मग ठेवा ना. पण ती जी आहे ती म्हणून ठेवा.

कारण निराधार लिहिलं की काय होतं, ते मी मघाशी तुमच्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, रात्री पडली, दवाखान्यात न्यावं लागलं, तर आम्हीच नेतो, कोणाला कळवायचा प्रश्न नाही, कोणी असतंच नाही. आणि गेली तरी आम्हीच करतो सगळं. ह्या दोघांना हे माहीत नाही असं वाटतं तुम्हाला? माहीत आहे. मोठेबाबा म्हणाले, एक वर्ष कोणी तिकडं फिरकाचं नाही, मग दिवाळीले मिठाई वाटाले जाऊ, देणगीदार म्हणून, तेव्हा पाहून घेऊ आईले. म्हणजे ती रांगेत ताट घेऊन बसेल आणि पोरगा येऊन पेढा देईल. तिने काय म्हणायचं? साहेब?

इकडे या, मॅडम, ह्या खिडकीतून बघा. बसली तेव्हा डोक्यावर पदर नव्हता तिच्या, आता बघा. समोरच्या भिंतीवरचा आजोबांचा फोटो दिसला तिला. जागा बदलली बघा, जरा तिरपी बसली, त्यांच्याकडे पाठ होऊ नये म्हणून. घरीही अशीच जेवते, फोटोसमोर पदर घेतल्याशिवाय घास नाही. इतक्या बाया तिथे रोज जेवतात, कोणी त्या फोटोपुढे डोक्यावर पदर घेतलेला पाहिला तुम्ही? मुलं विसर म्हटलं तर विसरली ती, पण हे विसरायला शिकवायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही.

या मोठेबाबा. हो, माझाच आवाज येऊन राहिला बाहेर. पप्पा, तुम्हीही या. काय सांगून राहिली म्हणजे — खरं सांगून राहिले. नाही, झालं सांगून, आता डोळे दाखवून काही उपयोग नाही. मॅडमला सगळं माहीत आहे. नाही, मी बाहेर नाही जात. नाही, मला समजत नाही मोठ्यांचं, समजून घ्यायचंही नाही. तुम्ही दिलेलं वाक्य मी म्हणणार नाही, आज नाही, कधीच नाही, तुम्ही मला घरात घेऊ नका हवं तर.

मॅडम, तुम्ही आता नवीन लिहून घ्या. रुखमाबाई गणपतराव लांजेवार. खोली खिडकीवाली. पैसे बागेतून. आणि रात्री काही झालं तर कळवायचा फोन नंबर — नाही, माझा नका घेऊ. मी देणार नाही. माझा दिला की सुटले हे, मग हैदराबादला रात्री मला फोन येईल आणि मी ह्यांना उठवत बसेन. ह्यांचा घ्या. विचारा ना, हे काय समोर उभे आहेत. पप्पा, तुमचा नंबर सांगा. जमिनीवर काय बघता, पाठ आहे ना तुम्हाला. मोठेबाबा, तुमचा? अडतीच्या पाटीवर एवढा मोठा रंगवला आहे, सगळ्या कळमन्याला माहीत आहे, इथे एकदा सांगा.

बघा मॅडम, दोघंही एकमेकांकडे बघून राहिले.

नाही, मला नका विचारू. मी त्यांच्या वतीने नाही सांगणार. तुम्ही पेन तसंच धरून बसा, आम्हाला घाई नाही. आजीचं जेवण चालूच आहे.