चांदीवरचं पाणी

खुलताबादच्या एसटीत सांडूच्या पुढच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. लेक प्रयोगशाळेत काम करणारी. तिचं हळू बोलणं नको असतानाही सांडूला ऐकू येत होतं.

"आई, आपल्या विहिरीचं पाणी चांदीच्या बारीक कणांवर टाकून लेझर मारला. पाण्यात फवारणीचं औषध निघालं."

"खुळे, चांदीनं पाणी शुद्ध होतं. दादाच्या बाळाला मी चांदीच्याच वाटीनं पाजती."

"आमची चांदी नुसतं दाखवती गं. इख मारत नाय."

"लई हाय का?"

"थोडंच. पण तान्ह्याला तेवढंबी नको."

"तरीच लेकरू मलूल पडलं व्हय?"

"ते डॉक्टर सांगतील. पाणी आजच बंद कर. दादाला सांग."

"त्याला कोणत्या तोंडानं सांगू, रूपाले?"

"का गं?"

"फवारणीचा पंप तोच विहिरीवर धुतो. अन् घरी आला की आधी लेकराला उचलतो."