जागा क्रमांक एकतीस, उजवी बाजू

नाव : टॅनर मर्ल बिगर्स. वय : तेवीस. शिक्षण : नववी पास, दहावी अर्धी. धंदा : गारांनी फुटलेली छपरे बदलणे. पत्ता : कायमचा नाही. कामाची टोळी जिथे असेल तिथे. सध्या टेक्सासात अमरिलोला, एका लॉजवर.

मी वरील इसम हॅडली काउंटीच्या शेरीफ ठाण्यात समक्ष हजर राहून, विचारल्यावरून, स्वतःच्या हाताने लिहून देतो की,

मला येथे वेंडल क्रॅबट्री यांच्या तक्रारीवरून बोलावले आहे. मी काल संध्याकाळी स्टिलवेल लेक स्टेट पार्कमध्ये त्यांच्या डाव्या डोळ्यावर ठोसा मारला, असे त्यांचे म्हणणे आहे. मारला हे खरे आहे. मला ते नाकारायचे नाही. पण तो ठोसा सगळ्यात शेवटी येतो. डेप्युटी साहेब म्हणाले, "पहिल्यापासून लिही, घाई नाही." म्हणून पहिल्यापासून लिहितो.

वेंडल हे माझ्या आईचे दुसरे यजमान. आईचे नाव लोरीन. माझे वडील मर्ल बिगर्स खडीच्या खाणीत कामाला होते, ते चार वर्षांपूर्वी वारले. ते असताना आम्ही दर जुलैत ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचे चाकांवरचे घर, घेऊन याच पार्कमध्ये येत होतो. वडील गेल्यावरही आई एकटी आली, आणि इथेच तिची वेंडलशी ओळख झाली. लग्न झाल्यावर त्यांनी आमचे घर विकले आणि बाराही महिने ट्रेलरमध्ये राहू लागले. पार्कच्या नियमाप्रमाणे एका तळावर दोन आठवड्यांच्या वर राहता येत नाही. त्यामुळे ते सारखे पुढच्या पार्कला जातात. आई फोनवर म्हणायची, "किती छान रे, दर पंधरवड्याला नवे शेजारी." पंधरवड्यात शेजाऱ्याला नाव पाठ होते, तेवढेच. याहून जास्त मी तेव्हा विचार केला नाही.

मार्च महिन्यात आईच्या मनगटाला प्लास्टर होते. ट्रेलरच्या पायरीवरून घसरले म्हणाली. त्या पायऱ्यांवरून ती माझ्या वडिलांच्या वेळेपासून, हातात गरम पातेले घेऊन, अंधारात उतरत आली आहे. ट्रेलर तोच आहे. फक्त ओढणारा बदलला.

काल शनिवारी मी न कळवता आलो. गारांचे काम संपले होते आणि पुढच्या गावी सोमवारी जायचे होते. रस्त्यात टपरीवरून आईसाठी पीच घेतले. दुपार कलल्यावर मी पार्कच्या फाटकातून आत शिरलो. तळाची देखरेख ओपल हस्किन्स या बाई करतात. त्यांना त्या बदल्यात जागा फुकट असते. त्या वडिलांच्या वेळेपासून मला ओळखतात. त्या म्हणाल्या, "अगं बाई, टॅनर! केवढा झालास! पळ पळ, तुझी आई आत्ताच आत गेली. एकतीस नंबर. तो अजून गाडी लावतोच आहे. पब्लिक जमलंय बघ."

पब्लिक म्हणजे काय ते लिहितो, कारण साहेब कदाचित ट्रेलर नेत नसतील. कोणी ट्रेलर मागे घेऊन जागेत बसवायला लागला की आजूबाजूचे लोक खुर्च्या फिरवतात आणि बिअर घेऊन बघत बसतात. तळावरची ही करमणूक आहे. नवरा गाडीत, बायको मागे उभी राहून हाताने खुणा करते, आणि बहुतेक वेळा भांडण होते. लोक हसतात. आम्हीही हसायचो. वडिलांना मात्र कोणी हसले नाही. ते आणि आई एका शब्दाशिवाय ट्रेलर लावत. मला खुणा आईनेच शिकवल्या. पहिली गोष्ट, गाडी चालवणाऱ्याच्या बाजूला उभे राहायचे, म्हणजे डावीकडे, त्याच्या आरशात दिसेल असे. ट्रेलर डावीकडे वळला की उजव्या आरशात नुसता ट्रेलरचा पत्रा दिसतो, उजवीकडे कोण आहे ते अजिबात कळत नाही. दुसरी गोष्ट वडील गाडीत बसणाऱ्याला सांगत. "मागचा माणूस आरशातून गेला की तो मेला असं समजायचं आणि ब्रेक दाबायचा. मग उतरून बघायचं, जिवंत आहे का ते."

मी माझी गाडी वळणावर लावली आणि चालत निघालो. एकतीसच्या डाव्या बाजूला, रस्त्यापलीकडे, पाच-सहा खुर्च्या होत्या. त्यांतला एक जाडा गृहस्थ, नाव ड्वाइट, हा मोठ्या आवाजात बोलत होता. त्याच्या मांडीवर कागदी प्लेटा होत्या. तो प्लेटेवर मार्करने आकडा लिहून वर धरत होता, शर्यतीतल्या परीक्षकासारखा.

वेंडल पिकअपची खिडकी खाली करून डोके बाहेर काढून होता. आई ट्रेलरच्या मागे डावीकडे होती. तिने मोठा काळा गॉगल घातला होता. जागा झाडीत आहे, तिथे सावली होती.

वेंडल ओरडला, "डावीकडे म्हणजे कुणाच्या डावीकडे? तुझ्या का माझ्या?"

आई म्हणाली, "तुझ्या. नेहमी तुझ्याच असतं."

खुर्च्यांमध्ये हशा झाला. ड्वाइटने प्लेट वर केली. आकडा चार होता.

"अरे दहापैकी ना?" कोणी विचारले.

"शंभरपैकी!" ड्वाइट म्हणाला.

वेंडल पुढे गेला, पुन्हा मागे आला, पुन्हा तिरका झाला. मग त्याने आईला म्हटले, "तो गॉगल काढ आधी! सावलीत गॉगल घालून उभी आहे. दिसतंय का काही त्यातून?"

खुर्च्यांतली एक बाई म्हणाली, "असू द्या हो, सिनेनटी आहेत त्या. सही मागू आपण नंतर."

परत सगळे हसले. त्यात वाईट हेतू कोणाचा होता असे मी म्हणत नाही. आईने गॉगल काढला नाही. तिने खुर्च्यांकडे एकदा बघितले आणि ट्रेलरच्या मागून उजव्या बाजूला निघून गेली. उजवीकडे विजेचा खांब आणि लाकडी टेबल आहे, आणि पुढे झुडपे. तिकडून कोणी बघणारे नव्हते.

मी हे रस्त्यावरून पाहिले. मला वाटले चिडली. माझी आई चिडून सुद्धा उजव्या बाजूला उभी राहणार नाही, हे मला माहीत होते. पण पाय उचलायला मला उशीर झाला.

ट्रेलर मागे येऊ लागला. वेंडल ओरडला, "कुठं गेलीस?" उत्तर आले नाही, किंवा आले असेल तर इंजिनात ऐकू आले नाही. मग तो ओरडला, "अगं कुठं मेलीस? बोल ना!" हे वाक्य खुर्च्यांवर बसलेल्या प्रत्येकाने ऐकले आहे. हे वाक्य साहेबांनी जसेच्या तसे ठेवावे ही विनंती. ज्याला आपला माणूस कुठे आहे हे विचारावे लागते त्याला तो दिसत नसतो. ड्वाइट दुसऱ्या प्लेटेवर आकडा लिहीत होता, आणि वेंडल आरशात नाही, त्या प्लेटेकडे बघत होता. ट्रेलर थांबला नाही. मी "थांब थांब" करत पळत सुटलो. खांबाचा आवाज आला तेव्हा थांबला.

आई खांब आणि ट्रेलरचा मागचा कोपरा यांच्यामध्ये होती. वेंडलने गाडी पुढे घेतल्यावर ती खाली बसल्यासारखी झाली. मी तिला धरले. ती म्हणाली, "टॅनर? तू कधी आलास? जेवलास का?" गॉगल खाली पडला होता. तिच्या उजव्या डोळ्याखाली गालापर्यंत डाग होता, मध्ये जांभळा आणि कडेने पिवळा. ताजा मार पिवळा नसतो. छपरावरून पडलेली माणसे मी पुष्कळ पाहिली आहेत, एवढे मला समजते. खांब तिला कंबरेला लागला. तोंडाला काही लागले नाही.

तेवढ्यात ओपलबाई धावत आल्या. त्यांनी आधी आईचा डोळा पाहिला, मग कंबर. मग त्यांनी गॉगल उचलला, आपल्या झग्याला पुसला आणि आईला पुन्हा घातला. एक काडी मोडली होती, ती त्यांनी केसात खोचून बसवली. बाकीचे लोक जवळ येईपर्यंत हे झाले होते. ओपलबाईंनी आपल्या जबाबात मला काही दिसले नाही असे सांगितले आहे, असे कळते. मी त्यांना खोटे म्हणत नाही. त्यांनी काय केले तेवढे लिहितो.

इस्पितळात आईच्या कंबरेचे हाड मोडल्याचे सांगितले. मला थोडा वेळ तिच्याजवळ बसू दिले. तेव्हा झालेले बोलणे असे :

"तुला विचारलं तर एवढंच सांग, मी चुकीच्या बाजूला उभी होते."

"तू कधी उभी राहिलीस चुकीच्या बाजूला?"

"माणूस म्हातारं होतं रे."

"डोळ्याला काय झालं?"

"पायरी."

"मार्चमधलीच पायरी का?"

तिने खिडकीबाहेर बघितले. मग म्हणाली, "वारा सुटलाय बघ. त्याला म्हणावं ट्रेलरचं कापडी छत गुंडाळून घे, नाहीतर फाटेल. त्याच्या लक्षात राहत नाही."

मी तिला माझ्याबरोबर चल म्हणालो. ती म्हणाली, "कुठं? लॉजवर? एका खोलीत तुम्ही चार पोरं. मला काय छपरावर बसवणार?" आणि हसायला गेली, पण कंबरेमुळे तिला हसता आले नाही. घर विकलेले आहे. तिला इस्पितळातून सोडतील तेव्हा ती एकतीस नंबरला जाईल, आणि तिथले दोन आठवडे संपले की पुढच्या पार्कला, जिथे तिला कोणी ओळखत नाही.

मी तिचे कपडे आणायला संध्याकाळी तळावर गेलो. ट्रेलर जागेत अगदी सरळ लावला होता. चाकांना ठोकळे, वीज जोडलेली, छत बाहेर काढलेले. वेंडल खुर्चीत बसला होता आणि कोळशावर मक्याची कणसे होती. शेजाऱ्यांनी त्याच्यासाठी बटाट्याचे सॅलड आणि भाजलेले मांस आणून ठेवले होते. खुर्च्या आता त्याच्या बाजूला आल्या होत्या. ती सिनेनटी म्हणणारी बाई त्याच्या खांद्यावर हात ठेवून होती. ड्वाइट डोळे पुसत होता. मला बघून तो म्हणाला, "पोरा, आम्ही सगळे साक्षीला आहोत. याची काही चूक नाही." विस्तवात एक कागदी प्लेट अर्धी जळलेली होती.

मी छत गुंडाळायचा निरोप दिला. वेंडल म्हणाला, "तुझ्या आईला शंभरदा सांगितलंय, माझ्या बाजूला उभी राहत जा. ऐकते का ती? तिला लोकांपुढं मला खाली बघायला लावायचं असतं."

मी विचारले, "गॉगल कशाला होता?"

तो म्हणाला, "मला काय विचारतोस? तिची नाटकं." आणि कणीस उलटे केले.

यानंतर मी ठोसा मारला. एकच. तो पडला नाही. ड्वाइटने मला मागून धरले. मी सुटायचा प्रयत्न केला नाही. नंतर मी छत स्वतः गुंडाळले, कपडे घेतले आणि डेप्युटी साहेबांची वाट बघत पायरीवर बसलो. पायरी पक्की आहे. मी त्यावर उड्या मारून पाहिल्या.

आणखी एक सांगायचे आहे. साहेबांनी काल रात्री वेंडलच्या डोळ्याचे फोटो समोरून आणि बाजूने काढले, शेजारी मोजपट्टी धरून. ते योग्यच आहे. आईच्या डोळ्याचा फोटो कोणी काढलेला नाही, कारण तिने तक्रार दिलेली नाही आणि काल सगळे कंबरेकडे बघत होते. ती इस्पितळात दुसऱ्या मजल्यावर आहे, खिडकीच्या बाजूची खाट. डाग कडेने पिवळा झालेला आहे, म्हणजे जायला लागला आहे. दोन-तीन दिवसांत तिथे काही नव्हते असे म्हणता येईल. तोपर्यंत कोणीतरी तीच मोजपट्टी घेऊन तिच्याकडे जावे. ती पायरी म्हणेल. तरी फोटो काढावा. गॉगल उशाशी आहे, तो आधी बाजूला ठेवावा लागेल.

मला ठोशाबद्दल जी शिक्षा असेल ती मान्य आहे. सोमवारी मी कामावर जाणार नाही. पीच अजून माझ्या गाडीत आहेत.

हे सर्व मी लिहिले, आणि डेप्युटी साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. ऐकले ते मी लिहिल्याप्रमाणेच आहे. यातला एकही शब्द काढायचा नाही. आई काढायला सांगेल, तरीही नाही.

सही : टॅनर मर्ल बिगर्स