शेपटीवरचा पक्षी

— लागला का बोटाला? नाही ना. कालच वाळलाय तो. पाटी मीच लावतो, 'रंग ओला आहे' – ती वाचली की भलाभला साहेबसुद्धा बोट लावून बघतोच, आणि बोट लावायला थांबला की दोन शब्द बोलतो. एरवी रंगाऱ्याशी कोण बोलतंय? आणि तुम्हाला आमची भाषा कळत नाही असं काही सांगू नका, मघाशी दुभाष्याच्या आधी हसलात तुम्ही.

बसा त्या शिडीवर. तुमची माणसं चहाला गेलीत, म्हणजे तास गेलाच समजा. विमान गुणाचं आहे हो – मोठ्या देशांच्या एका विमानाच्या पैशात ही तीन येतात, छोट्या हवाई दलाला आणखी काय पाहिजे? पण घेतंय कोण? सात देश बघून गेले. एकाकडे वैमानिकच अकरा, त्यातले दोन रजेवर. एकाला शेजारी चिडेल याची धास्ती. एकानं विचारलं, तुम्ही स्वतः किती घेतलीत – तर आमच्या मोठ्या साहेबांना खोकलाच लागला. शिवाय इंजिन परक्यांचं, त्यांनी मान डोलावली तरच विकायचं – हे मी बोललो नाही बरं का.

पाहुणे यायचे म्हटलं की त्यांच्या हवाई दलाचं चिन्ह मी शेपटीवर काढायचं, तेही धुऊन जाईल अशा रंगात – कारण संध्याकाळी पुसायचंच असतं. साचे आमची ही कापायची, घरी, जेवणाच्या टेबलावर, जुन्या एक्स-रेच्या फिल्ममधून. रोज विचारायची, राहिलं का हो? मी म्हणायचो, पुसलं. तुमचा पक्षी तिनं स्वतःच्याच छातीच्या फिल्ममधून कापला – म्हणाली, डॉक्टरांना काही दिसत नाही, निदान पक्षी तरी दिसू दे. तुम्ही तेव्हा येणार होतात. आला नाहीत. चार वर्षं साचा खिळ्याला, आणि घरी विचारायला – बरं ते असो.

तुमच्यानंतर कुणी यायचं नाहीये. तुम्ही नाही म्हणालात की या शेडला कुलूप, आणि हे विमान जाणार कुठल्याशा चौकात, चौथऱ्यावर. म्हणून यावेळी पक्का रंग लावलाय. कुणाला विचारलं नाही. घासून निघायचा नाही तो – घ्या नाहीतर घेऊ नका, पक्षी राहणार. साहेबांना कळलं की हाकलतील, हाकलू देत, मी काय घरी –

उठा, आले बघा तुमचे. आणि तो हात काढा पक्ष्यावरून. रंग ओला आहे.